मदत हवी आहे: कंट्रोलमध्येच एचडॅक-५ (जीन्स दाबून ठेवणारं एन्झाइम) न्यूक्लियसबाहेर का येतंय?
इथे कोणी हार्टच्या पेशींवर काम करतं का? रॅटच्या नवजात पिल्लांच्या हृदयपेशींत जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) लावलेलं एचडॅक-५ टाकलंय. फिनाइलएफ्रिन हे औषध दिलं की पीकेडी नावाचं एन्झाइम एचडॅक-५ च्या सेरीन २५९ आणि ४९८ वर (म्हणजे त्या क्रमांकांच्या अमिनो आम्लांवर) फॉस्फेट लावतं, मग १४-३-३ प्रोटीन चिकटतं नि एचडॅक-५ न्यूक्लियसबाहेर जातं, त्याने दाबून ठेवलेलं एमईएफ-२ (जीन्स चालू करणारं प्रोटीन) मोकळं सुटतं आणि पेशी फुगायला लागते, इथपर्यंत ठीक. पण माझ्या कंट्रोल प्लेटमध्ये औषधाचा थेंबही नाही तरी सगळा हिरवा रंग बाहेर, न्यूक्लियस म्हणजे नुसतं काळं भोक! सीरम (पेशी वाढाव्यात म्हणून घातलेला रक्तद्रव) रात्रीच काढायला हवं होतं का (मी सकाळी काढलं, आळस)? की कॅमके-२ (फॉस्फेट लावणारं आणखी एक एन्झाइम) मुळे एचडॅक-४ (एचडॅक-५ चं भावंड) बाहेर जाताना एचडॅक-५ लाही सोबत ओढतंय? आधी सेरीनच्या जागी अ‍ॅलनीनवाला म्यूटंट (ज्याला तिथे फॉस्फेट लागूच शकत नाही) टाकून बघू की लेप्टोमायसिन-बी (प्रोटीनला न्यूक्लियसबाहेर जाऊ न देणारं औषध)? सर गावाला गेलेत आणि सोमवारी मीटिंग आहे.