लिबकर्लमध्ये शेकडो ट्रान्स्फर एकाच वेळी: मल्टी_पोल पुरे की सॉकेट_ॲक्शनच हवे?

मूळ मत

सी भाषेत लिबकर्ल ही डेटा ट्रान्स्फरची लायब्ररी वापरून एका वेळी अनेक डाउनलोड चालवायचे म्हटले की बहुतेकजण मल्टी_परफॉर्म (ट्रान्स्फर पुढे ढकलणारे फंक्शन) आणि मल्टी_पोल (सॉकेटवर हालचाल होईपर्यंत थांबणारे) यांचे चार ओळींचे लूप लिहून मोकळे होतात. ट्रान्स्फरची संख्या हजारांत जाणार हे आधीच माहीत असेल, तर मी म्हणेन की पहिल्यापासून मल्टी_सॉकेट_ॲक्शन (हालचाल झालेल्या सॉकेटचेच काम करणारे फंक्शन) आणि ईपोल (सॉकेटवर नजर ठेवणारी लिनक्सची सोय) हेच घ्या. पोलच्या प्रत्येक फेरीत सगळ्या सॉकेटची यादी कर्नलला नव्याने द्यावी लागते, वर परफॉर्म एकूण एक चालू ट्रान्स्फर तपासते. दोन हजार सॉकेटपैकी तिघांवरच डेटा आला तरी खपायचे दोन हजारांसाठी. ईपोलमध्ये यादी कर्नलकडेच राहते, जागी झालेली तीनच सॉकेट हाती येतात. लिबकर्लमध्ये ही सोय २००६ पासून, ७.१५.४ आवृत्तीपासून आहे. नंतर बदलू म्हणून ठेवलेले लूप सहसा कोणी बदलत नाही.

उत्तर १

अजिबात पटले नाही. दोन-तीनशे ट्रान्स्फरपर्यंत वेळ खाते ते नेटवर्क, पोल नव्हे. खरे हद्दपार करायला हवे ते मल्टी_एफडीसेट आणि सिलेक्ट, म्हणजे सॉकेटवर थांबायची जुनी जोडी. तिथली १०२४ ची मर्यादा सॉकेटच्या संख्येवर आहे असा गैरसमज आहे, ती डिस्क्रिप्टरच्या (उघड्या फाइलला किंवा सॉकेटला सिस्टिम देते त्या) क्रमांकावर आहे. प्रोग्रामने आधीच हजारभर फायली उघडल्या असतील, तर पाचच ट्रान्स्फर असूनही एखाद्या सॉकेटला १०३० क्रमांक मिळू शकतो. तो एफडी_सेटमध्ये मावत नाही, म्हणून लिबकर्ल तो वगळते आणि त्या सॉकेटवर नजरच राहत नाही. मल्टी_पोलला (७.६६.० पासून) ही अडचण नाही. दुसऱ्या थ्रेडमधून झोपलेले लूप उठवायचे तर ७.६८.० पासून मल्टी_वेकअप आहे.

सॉकेट_ॲक्शन घेतले की सॉकेटचा कॉलबॅक (लिबकर्लने बोलवायचे तुमचे फंक्शन), टायमरचा कॉलबॅक, ईपोलची नोंद हा सगळा हिशेब तुमच्या डोक्यावर येतो. त्यात टायमर चुकला की ट्रान्स्फर एररही न देता लटकून राहते. हा धोका कशासाठी पत्करायचा?

उत्तर २ (मूळ मत मांडणाऱ्याकडून)

टायमर चुकतो हे खरे, पण तो नेमका कुठे चुकतो हे ठरलेले आहे. लिबकर्ल कॉलबॅकमध्ये मिलिसेकंद देते. उणे १ आले तर टायमर काढून टाकायचा. शून्य आले तर लगेच सॉकेट_ॲक्शन बोलवायचे, डिस्क्रिप्टरच्या जागी कर्ल_सॉकेट_टाइमआउट देऊन. मात्र त्या कॉलबॅकच्या आतून नाही, बाहेर लूपमध्ये आल्यावर. टायमरएफडी (डिस्क्रिप्टरच्या रूपातला लिनक्सचा टायमर) वापरणारे इथेच फसतात. टायमरएफडीला शून्य वेळ दिली की तो लगेच वाजत नाही, बंद होतो! नवे हँडल (एका ट्रान्स्फरची लिबकर्लमधली रचना) जोडल्यावर सुरुवातीची चालना याच टायमरमधून मिळते, त्यामुळे एकही सॉकेट न उघडता सगळे थंड पडते. शून्याच्या जागी १ नॅनोसेकंद द्या, काम झाले.

सॉकेटच्या कॉलबॅकमध्ये मल्टी_असाइनने स्वतःचा पॉइंटर चिकटवून ठेवा. पॉइंटर नल आला तर ईपोलमध्ये ॲड (नवी नोंद), नाही तर मॉड (नोंदीत बदल); रिमूव्ह आले की डेल (नोंद काढणे). पुन्हा वापरात आलेले जुने कनेक्शनही यात नीट बसते.

उत्तर ३

यात एक खड्डा राहिला. ईपोल_वेटने एका दमात ६४ इव्हेंट दिले असे धरा. तिसरा इव्हेंट हाताळताना लिबकर्लने दुसरेच एक सॉकेट बंद केले, रिमूव्ह आला, तुम्ही त्याची रचना फ्री केली. पण त्याच सॉकेटचा इव्हेंट यादीत चाळिसाव्या जागी अजून पडून आहे आणि त्याच्या डेटात फ्री केलेला पॉइंटर. असा क्रॅश भार वाढल्यावरच दिसतो, म्हणून चाचणीत निसटतो. इव्हेंटच्या डेटात पॉइंटर न ठेवता डिस्क्रिप्टर ठेवा. दरम्यान तोच क्रमांक नव्या सॉकेटला मिळाला तरी फार तर एक फुकटची हाक जाते.

ईपोलची एज-ट्रिगर्ड पद्धत (नवा डेटा आला तरच इव्हेंट) इथे लावूच नका. लिबकर्ल दर वेळी सॉकेट पूर्ण उपसेलच असे नाही. उरलेल्या डेटासाठी नवा इव्हेंट येणार नाही.

उत्तर ४

एवढा खटाटोप करण्यापेक्षा प्रत्येक ट्रान्स्फरला एक थ्रेड आणि आत साधे ईझी_परफॉर्म (एकच ट्रान्स्फर संपेपर्यंत थांबणारे फंक्शन). कोड वरून खाली सरळ वाचता येतो.

उत्तर ५ (उत्तर ४ ला)

दहा-वीस ट्रान्स्फरना ठीक, नोसिग्नल पर्याय (लिबकर्लला सिग्नल वापरू न देणारा) लावायला विसरू नका. पण प्रत्येक थ्रेडच्या हँडलचा कनेक्शन साठा वेगळा, त्यामुळे एकाच सर्व्हरशी टीएलएसची (एन्क्रिप्शनची) बोलणी दर थ्रेडला पहिल्यापासून. मल्टी हँडलमध्ये एचटीटीपी/२ असेल तर शंभर विनंत्याही एकाच कनेक्शनवरून जाऊ शकतात. पाइपवेट पर्याय लावला की नवी विनंती त्या कनेक्शनसाठी थांबते.

आणि पोल की ईपोल यावर भांडणाऱ्या दोघांनाही सांगतो, तुमचा राइट कॉलबॅक (आलेला डेटा हाताळणारा) आधी बघा. त्यात संथ डिस्कवर लिहिणे किंवा डेटाबेसची क्वेरी असेल, तर तेवढा वेळ सगळी ट्रान्स्फर थांबतात. डीएनएसचेही तेच: लिबकर्ल थ्रेडेड रिझॉल्व्हर (सर्व्हरचे नाव वेगळ्या थ्रेडमध्ये शोधणारा) किंवा सी-एरेस (लूप न अडवता नाव शोधणारी लायब्ररी) यांपैकी कशाशिवायही बांधले असेल, तर एका अडलेल्या नावापायी अख्खे लूप अडते. कर्ल -व्ही (मोठ्या लिपीतला V) चालवून फीचरच्या ओळीत एसिंकडीएनएस दिसते का, एवढे तपासा.

उत्तर ६ (उत्तर १ लिहिणाऱ्याकडून)

टायमरएफडीचा आणि फ्री केलेल्या पॉइंटरचा मुद्दा वाचून माझे मत आणखी पक्के झाले: नुसता डाउनलोडर लिहायचा असेल तर मल्टी_पोलच. एक अपवाद मान्य करतो. प्रोग्रामचे स्वतःचे ईपोल किंवा लिबयूव्ही या इव्हेंट-लायब्ररीचे लूप आधीपासून असेल, तर त्यात मल्टी_पोल घुसवणे म्हणजे एका थ्रेडला दोन ठिकाणी झोपवणे. तिथे सॉकेट_ॲक्शनला पर्याय नाही. दोन्ही रस्त्यांवर मल्टी_इन्फो_रीड (संपलेल्या ट्रान्स्फरचे संदेश देणारे फंक्शन) मात्र संदेश संपेपर्यंत फिरवा, आणि हँडल व निकालाचा कोड आधी उतरवून घेऊन मगच रिमूव्ह_हँडल करा. रिमूव्ह केल्यावर तो संदेश वैध राहत नाही.