शब्दचर्चा : ‘स्त्रीवादी’ नक्की कोणाला म्हणायचं?

प्रश्न

आमच्या वाचनगटाचा या वर्षीचा विषय ठरवायचा आहे. मी ‘आजचा स्त्रीवाद’ सुचवला आणि गटात लगेच तट पडले. पंचविशीतल्या दोघी म्हणाल्या, “आम्ही काही स्त्रीवादी नाही, पण समानता हवीच.” तरुणपणी मोर्चे गाजवलेल्या एक बाई म्हणाल्या, “आम्ही स्त्रीमुक्ती म्हणायचो. स्त्रीवाद हा विद्यापीठातला शब्द.” एका काकांना ‘मानवतावाद’ हवा आहे, म्हणजे कुणी दुखावणार नाही. तर विचारायचं असं की स्त्रीमुक्ती, स्त्रीवाद आणि फेमिनिझम हे एकच आहेत का? आणि पुरुषाला स्त्रीवादी म्हणता येतं का?

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देते. येतं. ‘-वादी’ लागलं की माणूस काय मानतो ते कळतं, तो कोण आहे ते नाही. र. धों. कर्व्यांनी 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं, मूल कधी हवं ते बाईने ठरवावं असं उघड लिहिलं आणि त्यापायी कोर्टकचेऱ्या सोसल्या. त्यांना स्त्रीवादी म्हणताना अडखळण्याचं कारण नाही.

पहिला प्रश्न मात्र मोठा आहे. माझ्या मते हे तीन शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत, कारण ते वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांच्या तोंडी रुळले.

‘स्त्रीमुक्ती’ हा रस्त्यावरचा शब्द आहे. 1975 हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या वर्षी पुण्यात स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली, मुंबईत स्त्री मुक्ती संघटना उभी राहिली. पाठोपाठ मथुरा खटला आला. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नसणार, असा तो तर्क होता. 1979 मध्ये कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलावा लागला. तुमच्या गटातल्या बाईंच्या ‘स्त्रीमुक्ती’मागे हे सगळं उभं आहे. त्या शब्दात कृती आहे: कशापासून तरी सुटायचंय आणि त्यासाठी चारचौघींनी एकत्र यायचंय.

‘स्त्रीवाद’ मराठीत पक्का रुजला तो त्यानंतर. विद्यापीठांमधून स्त्री-अभ्यास केंद्रं निघाली, पुण्यातलं 1987 चं. ‘स्त्रीवादी समीक्षा’, ‘स्त्रीवादी इतिहासलेखन’ असे शब्दप्रयोग आले. हा विचाराच्या चौकटीचा शब्द आहे. बाईवर अन्याय होतो एवढ्यावर तो थांबत नाही. घर, जात, मालमत्ता आणि कायदा यांची मांडणी अन्याय कसा घडवते, ते तो विचारतो. म्हणून याच्या विरुद्धार्थी ‘पुरुषवाद’ नव्हे. स्त्रीवादाचं भांडण पितृसत्तेशी आहे आणि पितृसत्ता सासूबाईही चालवतात.

‘फेमिनिझम’, ‘फेमिनिस्ट’ हे शब्द आजच्या तरुण शहरी बोलण्यातले. बहुतेक वेळा ते स्वतःच्या निवडीबद्दल असतात: आडनाव, कपडे, नोकरी, मूल हवं की नको. हे विषय हलके आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. पण ‘फेमिनिस्ट’ म्हणताना बोलणारीच्या मनात बहुधा ‘मी’ असते, तर ‘स्त्रीमुक्ती’ म्हणताना ‘आम्ही’. दोन पिढ्या एकमेकींना बोलतात पण ऐकू येत नाही, त्याचं निम्मं कारण मला इथेच दिसतं.

प्रतिसाद

ताई, तुमच्या मांडणीत एक धागा सुटला. स्त्रीमुक्ती म्हटलं की तुम्ही 1975 पासून सुरुवात केलीत. आमच्या वस्तीत ‘स्त्रीमुक्ती दिन’ 25 डिसेंबरला असतो. 1927 मध्ये त्या दिवशी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली. ‘भारतीय स्त्रीमुक्ती दिन’ म्हणून तो पाळावा, हा प्रस्ताव 1996 मध्ये चंद्रपूरच्या दलित महिला परिषदेत आला. 8 मार्चला ऑफिसात गुलाब वाटतात. 25 डिसेंबरला आमच्या आया-मावश्या जातीबद्दल आणि बाईपणाबद्दल एकाच भाषणात बोलतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणी स्वतःला स्त्रीवादी म्हणत नाहीत, आंबेडकरवादी म्हणतात. त्यांना बाईपण कळत नाही म्हणून नव्हे. ‘स्त्री’ म्हटल्यावर जी बाई डोळ्यांपुढे आणली जात होती, तिच्यात त्या स्वतःला पाहत नव्हत्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांवर ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक लिहिलं, त्या नावातला ‘ही’ नीट वाचा.

प्रतिसाद

मला ‘वाद’ हा शब्दच खटकतो. वाद म्हटलं की भांडण आलं. मानवतावाद म्हणावं, त्यात सगळे आले.

प्रतिसाद

दादा, मानवतावादातही ‘वाद’ आहेच, आणि समाजवादातही. तिथे कुणाला भांडण आठवत नाही. राहता राहिला ‘सगळे आले’ हा मुद्दा. जिथे सगळे येतात तिथे आधी कोण बाहेर राहतं ते मी गावात पाहते, म्हणून दोन शब्द या चर्चेत घालते.

पहिला, ‘कोयता’. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते. मुकादमाच्या वहीत ती दोन माणसं नसतात, ‘एक कोयता’ असतो. उचल कोयत्यावर मिळते आणि बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते. मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या, पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, हे सगळं त्या एका शब्दाच्या पोटात. दुखलंखुपलं म्हणून घरी राहिलं तर खाडा पडतो आणि दंड कापला जातो. पाळीचे खाडे नकोत, सारखी दुखणी नकोत, या धाकापायी बीडमधल्या किती बायकांनी पिशवी काढून घेतली ते 2019 मध्ये सरकारी पाहणीत बाहेर आलं, आकडा 13 हजारांच्या वर होता. यावर काम करणाऱ्या बायकांची एक साधी मागणी आहे: आमची नोंद वेगळी करा, कामगार म्हणून आमचं स्वतःचं नाव लिहा. मानवतावाद त्या वहीत शिरला तरी कोयता एकच राहील. त्यात दोन माणसं आहेत हे दाखवायला स्त्रीवादच लागतो.

दुसरा, ‘हक्कसोड’. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने वाटा, हा कायदा महाराष्ट्रात 1994 मध्येच झाला, देशभर 2005 मध्ये. तरी सातबाऱ्यावर नाव लागायची वेळ आली की बहिणीला तहसीलच्या गावी बोलावतात, साडी-चोळी करतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. “भावाशी संबंध टिकवायचेत ना?” सही केली तर ती चांगली बहीण, थांबली तर ‘हिला वाटा हवाय’. आता सांगा, ‘मी स्त्रीवादी नाही पण समानता हवी’ म्हणणारी शिकलेली मुलगी सही करते आणि तो शब्द कधी न ऐकलेली एखादी आत्या म्हणते, “माझं नाव राहू द्या.” स्त्रीवादी कोण? मी आत्याला म्हणेन, तिने स्वतःला म्हणो न म्हणो.

शेतकरी संघटनेच्या बायका 1986 मध्ये चांदवडला लाखोंनी जमल्या. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम निघाली आणि कितीतरी शेतकऱ्यांनी जमिनी बायकोच्या नावावर केल्या. शब्द ‘लक्ष्मी’चा, अगदी घरगुती, हात मात्र थेट सातबाऱ्याला घातलेला. लोकांना पेलेल असा शब्द घेऊन मूळ मागणी न सोडणं मला पटतं. मागणी सोडून नुसता सौम्य शब्द घेणं पटत नाही.

प्रतिसाद

पुरुष म्हणून एक भर. मित्रांत मी स्वतःला स्त्रीवादी म्हणालो की आधी हशा होतो, ‘बायकोने शिकवलं का?’ तरी मी म्हणतो. पण हे नाव पुरुषाने फार मिरवूही नये. घरात आजारी माणसाचं करणं, पोरांच्या शाळेच्या बैठका, स्वयंपाकाची आखणी ही कामं ‘मदत’ म्हणून करायची आणि बाहेर स्त्रीवादी म्हणवून घ्यायचं, हे चालणार नाही. घरच्या कामाला ‘मदत’ म्हणणं मी सोडलं. स्वतःच्या घरात कुणी मदत करत नसतं.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. विषयाचं नाव ‘स्त्रीवाद’च ठेवतेय. पहिली बैठक हक्कसोडपत्रावर घेऊ, कारण गटातल्या निम्म्याजणींनी ते दिलेलं असणार आणि त्यावर आम्ही आजवर एकदाही बोललेलो नाही. ‘आम्हीही इतिहास घडवला’ दुसऱ्या बैठकीला. कोयत्याच्या नोंदीबद्दल लिहिणाऱ्या ताईंनी बोलायला यावं अशी विनंती. आमची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असते, जाण्यायेण्याचा खर्च गट करेल.