भरती रोज सरकते, मग नित्यनेम कसा धरावा?

प्रश्न: खाडीकाठचा हिशेबनीस, दापोली तालुका

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

मी हर्णै-आंजर्ले परिसरात एका नाखव्याच्या दोन बोटींचा हिशेब सांभाळतो. बोट लागली की कोळंबीचे वजन, मोठ्या माशांची मोजणी, लिलावात मिळालेला भाव, डिझेल आणि बर्फाचा खर्च, आणि शेवटी टोपलीमागे बर्फापाण्याचे म्हणून जे थोडेफार कापायची रीत आहे ते कापून निघणारे खलाशांचे वाटे, हे सगळे माझ्या वहीत उतरते. पाणी चढल्याशिवाय बोटी खाडीत शिरत नाहीत आणि भरती रोज साधारण 50 मिनिटे पुढे सरकते, हे किनाऱ्यावरच्या वाचकांना सांगायला नको. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते, हा आजोबांनी शिकवलेला हिशेब मला अजून मोबाइलपेक्षा जवळचा वाटतो. त्यामुळे माझा दिवस कधी पहाटे 3 वाजता सुरू होतो, तर कधी सकाळी 9 वाजेपर्यंत मला काहीच काम नसते.

अडचण अशी की, लहानपणापासून मला शिकवले गेले ते पहाटे 5 वाजता उठून पवित्र शास्त्र (बायबल) वाचावे आणि प्रार्थना करावी असे. गेली तीन वर्षे मी 1 जानेवारीला वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचण्याचा निश्चय करतो, रोज तीन अध्याय आणि रविवारी पाच अशी वाटणीही करतो, आणि फेब्रुवारी उजाडता उजाडता त्यातल्या लेवीय या नियमांच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात, त्वचेवरच्या डागांच्या तपासणीपाशी, माझी बोट रुतते. मग अपराधीपणाने काही आठवडे पुस्तक उघडतच नाही. धक्क्यावर बोटींची वाट बघण्यात अर्धा-पाऊण तास जातो आणि तो मोबाइलवर जातो, हेही कबूल करतो.

गावात ख्रिस्ती घर आमचे एकच आहे. उपासनेला दर रविवारी जाणे जमतेच असे नाही. पत्नी आणि सहावीतली मुलगी यांच्यासह रोजची कौटुंबिक प्रार्थना सुरू करावी असे फार वाटते, पण ज्याचा स्वतःचाच नेम टिकत नाही त्याने घराला काय शिकवावे, हा प्रश्न पडतो. अशा कामात असलेल्यांनी रोजचे शिष्यत्व कसे जपले, ते कृपया सांगावे.

उत्तर: मंडळीतील एक वडील, वेंगुर्ले

प्रिय बंधू, सलाम.

भरतीचा जो हिशेब आपण दिला, त्यातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. भरती अनियमित नसते. ती घड्याळाला बांधलेली नसते, एवढेच. आपल्या कामाची वेळ बदलते, परंतु कामाचा क्रम बदलत नाही. आपण धक्क्यावर येता, वाट बघता, बोट लागते, वजन होते, हिशेब होतो, आपण घरी जाता. म्हणून आपला नेम ‘पहाटे 5 वाजता’ अशा शब्दांत न ठरवता ‘धक्क्यावर पोहोचल्यापासून पहिली बोट दिसेपर्यंत’ अशा शब्दांत ठरवावा. जो अर्धा तास मोबाइलवर जातो असे आपण म्हणता, तोच आपला पहाटेचा तास आहे, मग तो दुपारी 2 वाजता येवो.

पहाटेच्या आग्रहासाठी मार्क 1:35 (मार्ककृत शुभवर्तमान, अध्याय 1, वचन 35) दाखवले जाते आणि ते योग्यच आहे. प्रभू अंधार असतानाच उठून एकांतात गेले होते. मात्र त्याच प्रभूंनी बारा प्रेषितांना निवडण्यापूर्वी रात्रभर प्रार्थना केली, असे लूक 6:12 सांगते, आणि लोकसमुदायाला निरोप दिल्यावर संध्याकाळी ते डोंगरावर एकटे होते, असे मत्तय 14:23 सांगते. एकांत कायम होता. वेळ त्या त्या दिवसाच्या कामाप्रमाणे बदलत होती. आम्ही वडीलमंडळींनी तरुणांना वेळ शिकवली आणि एकांत शिकवायचा राहून गेला, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

वाचनाच्या वाटणीविषयीही थोडे लिहितो. पवित्र शास्त्राचे अध्याय 1,189 आहेत, म्हणून तीन आणि पाच हा हिशेब वर्षाला बरोबर बसतो, पण अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आहे आणि नव्या करारातील वचनांचे क्रमांक 1551 मधले आहेत. या आकड्यांच्या मागे धावताना आपण वाचतो काय, हेच विसरायला होते. मी सुचवीन की मार्ककृत शुभवर्तमानापासून आरंभ करावा. त्याचे अध्याय 16 आहेत. अमावास्येला सुरू केले तर पौर्णिमेच्या आगेमागे ते संपते, आणि रोज एका भरतीला एक अध्याय हे प्रमाण आपल्या लक्षात आपोआप राहील. लेवीय मात्र 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळासाठी राखून ठेवावे. बोटी शाकारलेल्या असतात, जाळी विणायला घेतलेली असतात, 61 दिवस हाताशी असतात आणि त्या पुस्तकाचे अध्याय अवघे 27 आहेत.

चुकलेल्या दिवसांसाठी एक गोष्ट सांगून थांबतो. मार्क 1:19 मध्ये याकोब आणि योहान जाळी नीट करत बसले होते, तिथे जे ग्रीक क्रियापद आहे, तेच पौलाने गलतीकरांस पत्रात, अपराधात सापडलेल्या बंधूला सावरण्यासाठी वापरले आहे. जाळे फाटले म्हणून ते समुद्रात टाकून देणारा नाखवा आपण पाहिला आहे का? आपल्याच हर्णैला 1829 मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन मराठी शिकण्यासाठी राहिले होते, आणि पुढे 1832 मध्ये त्यांनी मुंबईत जी शाळा काढली तिचेच आजचे विल्सन महाविद्यालय झाले. परकी भाषा शिकणाऱ्याला रोज चुकावेच लागते. चुकला म्हणून तो दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून बसला, तर त्याला भाषा येत नाही.

उत्तर: निवृत्त शिक्षिका, मालवण

भाऊ, नमस्कार. मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमच्या भक्तीच्या काही रीती आपल्याहून वेगळ्या आहेत, तरी आपल्या घराविषयी दोन शब्द लिहावेसे वाटले.

मराठीत सवय लागते आणि नेम धरावा लागतो. सवय नकळत लागते, तशी नकळत सुटते. नेम धरणाऱ्याला तो धरला आहे हे ठाऊक असते, म्हणून निसटला तर पुन्हा धरता येतो. आमच्याकडे संध्याकाळी आंजेलुसची, म्हणजे सांजप्रार्थनेची, घंटा झाली की हातातले काम थांबते आणि जेवणापूर्वी घरच्या आल्तारासमोर (वेदीसमोर) तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होतो. प्रामाणिकपणे सांगते, अनेक संध्याकाळी माझे मन तेर्साला नसायचे. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे समोर असायचे आणि डोळे मिटत असायचे. पण दहा-दहा मण्यांचे पाच भाग बोटांना पाठ झालेले असल्याने मन दमले तरी हात प्रार्थनेत राहत असे, आणि पुष्कळदा चौथ्या भागापर्यंत मनही मागाहून येऊन बसत असे. जपमाळ आपल्या परंपरेत नाही, पण प्रभूने शिकवलेली प्रार्थना आहे, आणि काही स्तोत्रे पाठ करता येतील. दमलेल्या माणसाला रोज नवे शब्द जुळवायला लावू नये.

घरच्या प्रार्थनेसाठी दिवेलागणीची वेळ घ्यावी असे मी सुचवीन. आपण कामावर असलात तरी पत्नी आणि मुलगी ती चालवू शकतील. त्या वेळी शेजारच्या घरात परवचा किंवा शुभंकरोति चालू असते, पलीकडे मशिदीत अजान होते. कोकणात तिन्हीसांजेला गाव देवाचे नाव घेते, त्यात तुमचे एकटे घर वेगळे पडणार नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातही आधी संध्याकाळ झाली आणि मग सकाळ, याच क्रमाने दिवस मोजला आहे. रात्री-अपरात्री कामावर जाणाऱ्या माणसाने दिवस संध्याकाळपासून धरला, तर आपण पहाट चुकवली ही टोचणी उरत नाही.

मुलीला केवळ ऐकायला बसवू नका, वाचायला सांगा. सुरुवातीला स्तोत्र 117 घ्या, त्यात दोनच वचने आहेत. नंतर 134 घ्या, त्यात तीन आहेत आणि ते रात्री परमेश्वराच्या घरी सेवेला उभ्या असणाऱ्यांना उद्देशून आहे. बाबा रात्री कामावर असतात त्या दिवशी तिने ते वाचावे, म्हणजे त्याचा अर्थ तिला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. पुढे 107 मधला जहाजांतून समुद्रावर जाणाऱ्यांचा भाग आहे. स्तोत्रे नुसती वाचण्यापेक्षा गाण्याची आवड असेल, तर ना. वा. टिळकांचे अभंग आहेत; 1861 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या या कवीने अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती भक्तीत आणले, तेव्हा ती चाल तुमच्या घराला परकी वाटू नये. सगळे मिळून दहा मिनिटांच्या वर नेऊ नका. 31 वर्षे मुलांना शिकवून मला एवढे नक्की कळले आहे की, आज थोडे अपुरे वाटले तरच मूल उद्या आपणहून येते.

आणि स्वतःचा नेम टिकत नाही म्हणून घराला शिकवू नये, हे मला पटत नाही. आपला नेम चुकला, हे मुलीला सांगून तिच्यासमोर पुन्हा सुरू करा. तेही शिकवणेच आहे.

उत्तर: वसईकर

दादा, वरची दोन्ही उत्तरे मला आवडली, पण लेवीय जूनपर्यंत पुढे ढकलण्याचा सल्ला मला मान्य नाही, आणि त्याचे कारण तुमच्याच प्रश्नातले एक वाक्य आहे, ज्याच्याकडे कोणी वळले नाही.

तुम्ही तेराव्या अध्यायात थांबता. आणखी सहा अध्याय पुढे गेलात, तर एकोणिसाव्यात पोहोचाल. तिथे 35 आणि 36 या वचनांत मापात, वजनात आणि परिमाणात अन्याय न करण्याची, खरा तराजू आणि खरी वजने ठेवण्याची आज्ञा आहे. त्याच अध्यायात 13 व्या वचनात मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवून घेऊ नये, असे आहे, आणि 18 व्या वचनात शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची ती आज्ञा आहे, जी प्रभू येशूने पुढे सर्वांत मोठ्या दोन आज्ञांमध्ये दुसरी म्हणून सांगितली. तुम्ही लिहिले आहे की ‘टोपलीमागे थोडेफार कापायची रीत आहे’. ते किती असते, आणि बर्फापाण्याचे खरोखर तितके वजन असते का? लिलावात विकले गेलेले वजन आणि खलाशांच्या वाट्याला धरलेले वजन एकच असते का? मी तुमच्यावर आरोप करत नाही. माझे वडील भाजीच्या वखारीत कामाला होते आणि अशी ‘रीत’ तिथेही होती. पण रोजच्या शिष्यत्वाची चर्चा वाचन आणि प्रार्थना यांच्यापाशीच थांबली, तर आपण दिवसातला अर्धा तास प्रभूला देतो आणि उरलेले तास रीतीला देतो.

वधस्तंभ उचलून मागे येण्याचे वचन मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही दिले आहे, पण ‘दररोज’ हा शब्द एकट्या लूकने घातला आहे, 9:23 मध्ये. तो शब्द प्रार्थनेच्या खोलीपुरता आहे असे मला वाटत नाही. जकातनाक्यावर बसलेल्या लेवीला प्रभूने बोलावले, तेव्हा त्याच्यासमोरही हिशेबच होता.

आणि लेवीय कंटाळवाणे आहे म्हणू नका. अकराव्या अध्यायात पर आणि खवले नसलेले सगळे जलचर वर्ज्य ठरवले आहेत, म्हणजे तुमची कोळंबी, कुर्ल्या आणि तिसऱ्या शिंपल्या गेल्याच. आणि चौदाव्यात घराच्या भिंतीवर हिरवट-तांबूस डाग उमटले तर याजकाला बोलवावे, असे आहे. पावसाळ्यात कोकणात हा नियम लागू केला असता, तर याजकाला जेवायलाही फुरसत मिळाली नसती.

मूळ प्रश्नकर्ता: खाडीकाठचा हिशेबनीस

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण वसईकरांचे उत्तर वाचून मी दोन दिवस काही लिहू शकलो नाही.

वेंगुर्ल्याच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे धक्क्यावर मोबाइल खिशातच ठेवतो आणि बोट दिसेपर्यंत एक अध्याय वाचतो. सातपैकी पाच दिवस जमले. बाई, मुलीने पहिल्याच संध्याकाळी स्तोत्र 117 वाचून ‘एवढेच?’ असे विचारले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून 134 काढले. मी त्या रात्री कामावर होतो. पत्नीने फोनवर सांगितले.

वजनाचे सांगणे अवघड आहे. कापायचे ते वजन ठरावीक होते, पाणी कितीही असो. परवा मी दोन टोपल्या अर्धा तास निथळू दिल्या आणि मग वजन केले. आम्ही एरवी कापतो त्याच्या निम्मीसुद्धा घट आली नाही. पण अर्धा तास थांबले तर लिलावात मागे राहावे लागते आणि भाव उतरतो, त्यात तोटा नाखव्याचा आणि खलाशांचाही होतो. मी नाखव्याला आकडे दाखवले. ते चिडले नाहीत, फक्त वही परत देत ‘हे डोक्यात कुठून आले?’ असे म्हणाले. मी वाचत होतो ते सांगितले. दर टोपलीऐवजी रोज एकच टोपली निथळवून त्या दिवसाची घट ठरवावी आणि तीच सगळ्यांना लावावी, असे मी सुचवले आहे. त्यांनी अजून हो म्हटलेले नाही. तांडेलाशी, म्हणजे बोटीवरच्या खलाशांच्या प्रमुखाशी, मी अद्याप बोललो नाही, आणि बोलावे की नाही याबद्दल वसईकरांचे मत वाचायला आवडेल.

काका, क्षमा असावी, मार्क थोडा बाजूला ठेवला आहे. उद्या अष्टमी आहे, भरती 6 च्या सुमारास. साडेपाचला मी धक्क्यावर असेन आणि लेवीयचा चौदावा अध्याय सुरू करीन.