गुडघेदुखीसाठी झाडपाल्याचं औषध देणारं चांगलं कुणी?

परभणीकर७: आईचे गुडघे लई दुखायलेत, वय 62, बीपीची गोळी चालू. निसर्गोपचार अन् जडीबुटी दोन्ही बघणारं कुणी परभणी-नांदेडकडं माहीत आहे का? मागं एकानं कागदात बांधून पुड्या दिल्या, ना नाव ना तारीख, दोन दिवसात आई टणटणीत चालायली पण महिन्यात तोंड सुजलं अन् पुड्या बंद केल्या की दुखणं दुप्पट.

गोदाकाठ: त्यात स्टिरॉइड (सूज-दुखणं झटक्यात दाबणारं जोरदार औषध) कुटलेलं असू शकतं भाऊ, उरलेल्या पुड्या डॉक्टरला दाखवाच. आणि निसर्गोपचारवाले मुळात औषध देत नाहीत, माती, पाणी, उपवास, आहार यावरच भर. झाडपाला पाहिजे तर बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) झालेला वैद्य बघा, नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, धाराशिवलाबी आहे.

तूरडाळ: निसर्गोपचारच करायचा तर पुण्याजवळच्या उरुळीकांचनचा आश्रम, गांधीजींनी 1946 ला सुरू केलेला. लांब पडतं पण.

काकू_लातूर: वैद्याला बीपीची गोळी दाखवा बरं का, नुसतं सांगू नका, पाकीटच न्या. मी खोकल्याला रोज ज्येष्ठमध चघळायचे तर बीपी वाढलं, त्यानं वाढतं हे मला कुठं माहीत! अन् भिंतीवर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा (तिथं वैद्यांची नोंद होते) नोंदणी नंबर आहे का ते बघा, नसला तर सरळ विचारा, लाजायचं काय त्यात.

परभणीकर७: सोमवारी नांदेडला नेतो. आई म्हणायली पुड्यावाल्यालाबी नंबर विचार की आधी 😄