सावंतवाडी आणि जंजिऱ्याचे पॉलिटिकल एजंट : सल्लागार की खरे राज्यकर्ते?

वाडीकर :
१८३८ साली सावंतवाडीचे राजे खेम सावंत यांच्या हातून कारभार काढून घेताना कंपनी सरकारने बेबंदशाहीचे कारण दिले आणि सावंतवाडीच्या इतिहासाविषयी बोलताना आपण आजही तेच कारण पुढे करतो. ही बेबंदशाही आली कुठून, हे आधी पाहिले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. १८१२ च्या तहाने वेंगुर्ले बंदर इंग्रजांकडे गेले आणि १८१९ च्या तहाने उरलेली किनारपट्टीही गेली. कोकणातल्या राज्याचे बंदरच हातून गेले की जकातीचे उत्पन्न बुडते, आणि मग शिबंदीचा, म्हणजे पगारी फौजेचा, पगार भागवायचा कशातून? पगार थकले, सरदार बिथरले, आणि त्याचा ठपका मात्र सरदेसायांवर, म्हणजे सावंत राजांवर, आला. पुढे गादी त्यांची राहिली, पण हुकूम पॉलिटिकल सुपरिंटेंडेंटचा, म्हणजे संस्थानावर नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्याचा, चालू लागला, आणि तो उत्तरदायी होता मुंबई सरकारला. दरबाराला नव्हे आणि रयतेलाही नव्हे. १८४४ मध्ये कोल्हापूरकडच्या गडकऱ्यांचे, म्हणजे किल्ल्यांवरच्या शिपायांचे, बंड मनोहरगडापर्यंत पसरले आणि त्यात सावंतवाडीचे युवराज अण्णासाहेबही ओढले गेले. परक्याच्या कारभाराला लोक इतके कंटाळले नसते, तर ते बंड इथे मूळ धरू शकले नसते, असे मला ठामपणे वाटते.

मुरूडकर :
बंदराचा मुद्दा महत्त्वाचा आहे, परंतु काळाचा क्रम आपण सोयीने घेतला आहे. वेंगुर्ले जाण्याच्या आधीच सावंत घराण्यात गादीसाठी रक्तपात झाला होता आणि सरदारांच्या भांडणांत गावेच्या गावे होरपळत होती, त्यामुळे सारी बेबंदशाही तहांच्या माथी मारता येणार नाही. आमच्या जंजिऱ्याचे उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. सिद्दींच्या संस्थानात १८६८ च्या सुमारापर्यंत एकही इंग्रज अधिकारी नव्हता आणि अंतर्गत कारभारात कोणाचा हस्तक्षेपही नव्हता. त्या काळात फौजदारी न्यायाची अवस्था इतकी वाईट झाली की अखेर तो अधिकार नबाबांकडून काढून मुरूडमध्ये नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावा लागला. ज्याला न्यायच मिळत नव्हता, त्या माणसाच्या बाजूने पाहिले, तर या बदलाला केवळ साम्राज्याचा लोभ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

वाडीकर :
न्यायाची गरज होती हे मला मान्य आहे. परंतु पुढे कुलाब्याचा कलेक्टरच जंजिऱ्याचा पॉलिटिकल एजंट म्हणून काम पाहू लागला, याचा विचार आपण करावा. शेजारच्या ब्रिटिश जिल्ह्याचा कारभारी संस्थानाचा तटस्थ सल्लागार कसा होणार? सीमा, मीठ, अबकारी अशा प्रश्नांवर दोन्ही बाजूंचा कागद एकाच माणसाच्या टेबलावर येत असेल, तर निकाल कोणाच्या बाजूने झुकणार, हे सांगायला नको.

अलिबागकर :
आपल्या दोघांच्या वादात आंग्र्यांचा विसर पडू नये. कुलाब्याच्या आंग्र्यांनी १८२२ मध्ये कंपनीचे वर्चस्व मान्य केले आणि औरस वारस न उरल्यावर दत्तकाची विनंती नाकारून ते राज्य १८४० साली खालसा झाले. सावंतवाडी आणि जंजिरा मात्र १९४८ पर्यंत टिकले. पॉलिटिकल एजंटाच्या पद्धतीत संस्थान जिवंत तरी राहत होते, एवढे तिच्या बाजूने म्हटले पाहिजे.

वाडीकर :
टिकवून ठेवण्यात साम्राज्याचाही फायदाच होता. १८५७ नंतर खालसा धोरण सोडून संस्थानिकांना दत्तक वारस घेण्याच्या सनदा दिल्या गेल्या, त्या निष्ठावंत संस्थानिक उपयोगी पडतात म्हणून. इतर दरबारांशी थेट राजकीय पत्रव्यवहार करण्याची संस्थानिकाला मुभा नव्हती आणि मुंबई सरकारकडे तक्रार करायची, तर ती एजंटामार्फतच जायची. म्हणजे ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच हातून ते पुढे सरकायचे.

मुरूडकर :
ती पद्धत सदोष होती, याबद्दल माझा वाद नाही. तरीही आंबोलीला थंड हवेचे ठिकाण म्हणून रूप देणारा वेस्ट्रॉप हा पॉलिटिकल अधिकारीच होता, आणि १९२४ मध्ये पूर्ण अधिकार मिळालेल्या सावंतवाडीच्या बापूसाहेब महाराजांना मिळालेला कारभारही याच व्यवस्थेत घडलेला होता.

वाडीकर :
बापूसाहेबांचे नाव घेतलेत, म्हणून विचारतो. १९३७ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत वाडीच्या रयतेने जो राज्यकारभार अनुभवला आणि ज्याची गांधीजींनी रामराज्य म्हणून प्रशंसा केली, तो अधिकार राजाच्या हाती आल्यावरचा आहे. त्याचे श्रेय एजंटाच्या दप्तरात कसे जमा करता येईल?