मदत हवी आहे: गेम कंट्रोलर निवडताना नक्की काय बघायचं? पाऊण तासात अंगठा ठणकायला लागतो

चुळबूळ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरजेपोटी लिहायला बसले आहे.

रात्री सगळी कामं उरकली की तास-दीड तास गेम खेळते, तेवढाच विरंगुळा. गेले काही महिने मात्र पाऊण तास होतो न होतो तोच डाव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो आणि दोन्ही करंगळ्या आखडतात. कंट्रोलर खाली ठेवायचा, बोटं मोडायची, पुन्हा उचलायचा, असं चाललंय. आधी वाटलं वय झालं. पण मागच्या आठवड्यात भाच्याकडे त्याच्या कंट्रोलरवर दोन तास खेळले आणि काही म्हणजे काही झालं नाही. त्यामुळे खोट हातात नसून वस्तूत आहे असा माझा निष्कर्ष. नवीन घ्यायचा विचार आहे.

माझे हात लहान आहेत. मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १६ सेंमी भरतात. आत्ताचा कंट्रोलर जाडजूड आहे, त्याच्या मुठी (हातात धरायचे दोन दांडे) खाली फुगीर. जाहिराती वाचून डोकं भणभणलं: हॉल इफेक्ट स्टिक (स्टिक म्हणजे अंगठ्याने फिरवायची दांडी), १००० हर्ट्झ, मागे चार जादा बटणं, रंगीत दिवे. यातलं हाताला कळणारं काय आणि खोक्यावर छापायला असलेलं काय, हे जाणकारांनी सांगावं. दोन्ही स्टिक एका रेषेत असलेला बरा की डावी वर आणि उजवी खाली असलेला, हेही.

जुनाखेळिया

हाताच्या मापाचा प्रश्न तुमचा एकटीचा नाही. २००१ साली पहिल्या एक्सबॉक्स या खेळयंत्राबरोबर जो कंट्रोलर आला तो भलताच अगडबंब होता, ‘ड्यूक’ या टोपणनावाने तो ओळखला जातो. जपानसाठी लहान कंट्रोलर वेगळा काढावा लागला, आणि पुढे सगळीकडे तो लहानच चालला.

त्याच्या आधीचा निन्टेंडोचा चौकोनी कंट्रोलर ज्यांनी धरलाय त्यांना तळहातात रुतणारे कोपरे आठवत असतील. वीट धरल्यासारखं वाटायचं. निन्टेंडोच्याच १९९० च्या सुपर फॅमिकॉम यंत्रात टोकं गोल झाली आणि वर तर्जनीसाठी बटणं आली. १९९४ च्या प्लेस्टेशनला खाली दोन मुठी फुटल्या. मला विचाराल तर आरामाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी उडी तीच. तोवर कंट्रोलर बोटांच्या चिमटीत धरायची वस्तू होती, तिथून पुढे तो मुठीत धरता यायला लागला.

जाता जाता एक आवडती गोष्ट. सुपर फॅमिकॉमच्या अमेरिकेतल्या आवृत्तीत चार बटणांपैकी वरची-डावीकडची दोन खोलगट होती आणि उरलेली दोन फुगीर. खाली न बघता अंगठ्याला कळायचं आपण कुठे आहोत. निन्टेंडोच्याच पुढच्या गेमक्यूब यंत्राने तर मधलं एकच बटण मोठं आणि हिरवं केलं, बाकीची त्याच्या भोवती. अंगठ्याचं घर तिथे. असा विचार आता फारसा दिसत नाही, सगळीकडे चार सारख्या गोळ्या.

स्क्रूड्रायव्हर

हॉल इफेक्टचं गौडबंगाल सोडवतो. नेहमीच्या स्टिकखाली दोन पोटेन्शिओमीटर असतात. कार्बनच्या पट्टीवर एक बारीक पत्रा घासत फिरतो आणि त्यावरून स्टिक कुठे आहे ते कळतं. घासून घासून पट्टी झिजली की तुम्ही हात न लावता पात्र आपलं आपण चालायला लागतं. हाच तो ड्रिफ्ट. हॉल इफेक्टमध्ये लोहचुंबक आणि सेन्सर असतो, त्यांचा एकमेकांना स्पर्शच नाही, म्हणून ती झीज नाही. आता नवलाई म्हणून विकतात, पण सेगा कंपनीच्या १९९८ च्या ड्रीमकास्ट यंत्रात हेच होतं.

म्हणजे तो टिकाऊपणाचा मामला. अंगठ्याच्या दुखण्याशी त्याचा संबंध शून्य. हर्ट्झ म्हणजे कंट्रोलर सेकंदाला किती वेळा आपली स्थिती कळवतो तो आकडा, त्याचाही दुखण्याशी संबंध नाही.

तुमच्यासारख्यांनी बघायचं ते खोक्यावर छापलेलं नसतं. स्टिकची स्प्रिंग किती ताठ आहे? स्टिकचा माथा खोलगट आहे की घुमटासारखा? घुमटाकार माथ्यावरून घामट अंगठा घसरतो, मग आपण नकळत दाबून धरतो. आणि सेटिंगमध्ये डेड झोन किती ठेवलाय? म्हणजे मधला असा भाग, जिथे स्टिक हलवली तरी खेळात काही होत नाही. तो मोठा असेल तर प्रत्येक हालचालीला अंगठा जास्त लांब न्यावा लागतो. ड्रिफ्ट लपवायला लोक तो वाढवतात आणि विसरून जातात. एकदा तपासा.

फिजिओवाली

व्यवसायाने फिजिओ आहे, पण इथे बसून निदान करणार नाही. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला हळूच वाकवल्यावर झणझणीत कळ येत असेल, किंवा रात्री हाताला मुंग्या येत असतील, तर कंट्रोलरच्या आधी डॉक्टर गाठा.

तसं नसेल तर एक सोपी चाचणी. नेहमीसारखा कंट्रोलर धरा. आता दोन्ही अंगठे आणि दोन्ही तर्जन्या उचला. कंट्रोलर जागच्या जागी राहिला का? मधलं बोट, अनामिका, करंगळी आणि तळहात एवढ्यांनीच तो पेलला पाहिजे. अंगठे उचलल्यावर तो पुढे कलला किंवा घसरला, तर इतके दिवस तुमचे अंगठे दोन नोकऱ्या करत होते: स्टिक हलवायची आणि वजन धरायचं.

वजनाचं म्हणाल तर प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर डुअलशॉक ४ साधारण २१० ग्रॅम होता, प्लेस्टेशन ५ चा डुअलसेन्स २८० च्या आसपास. सत्तर ग्रॅमने कोणी मरत नाही. पण ते वजन मुठींच्या बाजूला आहे की पुढे ट्रिगरच्या (तर्जनीने ओढायच्या बटणांच्या) बाजूला, याने खूप फरक पडतो. पुढे झुकणारा हलका कंट्रोलर मागे बसणाऱ्या जड कंट्रोलरपेक्षा जास्त दमवतो. आणि कोपरं मांडीवर किंवा उशीवर टेकवा हो. हवेत धरून खेळणाऱ्यांचे खांदेसुद्धा माझ्याकडे येतात.

चुळबूळ

सगळ्यांचे आभार. चाचणी केली. अंगठे उचलले तर कंट्रोलर पुढे कलंडला नाही, पण करंगळ्या कुठेच टेकलेल्या नाहीत हे पहिल्यांदाच लक्षात आलं! मुठी खाली इतक्या फुगीर आहेत की करंगळीचं टोक वळसा घालून पोचतच नाही. ती नुसती ताणून वर चिकटवलेली. आखडतात त्या यामुळेच, नाही का? कळ वगैरे काही आली नाही. डेड झोन बघितला, ठीक आहे. अंगठ्याचं कोडं मात्र तसंच.

डावखुरा

एक बारीक प्रश्न. दुखतं तेव्हा कोणता प्रकार खेळत असता? पात्र पळवायला कुठलं बटण आहे? आणि भाच्याकडे काय खेळलात?

चुळबूळ

मोठं मोकळं जग असलेला साहसी खेळ. पळायला डावी स्टिक आत दाबायची, खट् असा आवाज येईपर्यंत. भाच्याकडे गाड्यांची शर्यत खेळलो. का हो?

डावखुरा

सापडलं बहुतेक! शर्यतीत स्टिक आत दाबायचं काम जवळजवळ नसतंच, सगळा भार तर्जनीखालच्या ट्रिगरवर. तुमच्या खेळात अंगठा स्टिक पुढे ढकलतोय आणि त्याच वेळी खालीही दाबतोय. वाकलेल्या अंगठ्याने तिरक्या स्टिकवर सरळ खाली जोर द्यायचा, आणि जग एवढं मोठं की तासभर पळतच राहायचं. मी स्वतः हे भोगलंय.

नवीन घेण्याआधी दोन फुकटचे उपाय करा. एक, खेळाच्या सेटिंगमध्ये पळणं ‘धरून ठेवा’ आहे की ‘एकदा दाबा’ ते बघा, दुसरं निवडा. दोन, प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स दोन्हींत बटणांची अदलाबदल यंत्राच्याच सेटिंगमध्ये करता येते, ती करून पळणं दुसरीकडे न्या. मागच्या जादा बटणांचा खरा उपयोगही हाच. अंगठा स्टिकवरून न उचलता, न दाबता काम मधल्या बोटाला देता येतं. ती मला थेर वाटायची, आता त्यांच्यावाचून करमत नाही. फक्त एक बघा: घट्ट धरताना ती चुकून दाबली जाता कामा नयेत. काही कंट्रोलरवर ती नेमकी बोटं विसावतात तिथेच ठोकलेली असतात.

जुनाखेळिया

+१. आणि स्टिकच्या जागेबद्दल विचारलं होतंत. ज्या खेळात डावा अंगठा पूर्ण वेळ स्टिकवर असतो, तिथे डावी स्टिक वर असलेली लहान हातांना सहसा बरी, कारण मूठ धरल्यावर अंगठा सहज टेकतो तो तिथे. एका रेषेतल्या स्टिकमध्ये दोन्ही अंगठे आत आणि खाली वळवावे लागतात. पण मारामारीचे किंवा जुन्या पद्धतीचे खेळ अधिकाच्या चिन्हाच्या आकाराच्या दिशा-बटणावर खेळत असाल तर हिशेब उलटा, मग ते बटण वर हवं.

चुळबूळ

चार दिवसांनी परत आले. डावखुरा, तुम्हाला दंडवत. पळणं ‘एकदा दाबा’ वर टाकलं. पहिल्या रात्री अंगठा सवयीने दाबतच राहिला, त्यामुळे पात्र पळायचं, थांबायचं, पळायचं, थांबायचं. बघणाऱ्याला वाटावं की उचकी लागलीये. तिसऱ्या दिवसापासून ठणका नाही. काल सव्वा तास खेळले.

करंगळ्या मात्र आहेत तशाच, तेव्हा हा कंट्रोलर बदलणार हे नक्की. आता दिवे-बिवे बघत नाही. हातात घेऊन अंगठे उचलून बघणार आणि करंगळी कुठे पोचते ते बघणार. भाचा त्याचा जुना द्यायला तयार आहे, त्याच्या मुठी बारीक आहेत, पण त्यावर काहीतरी चिकट आहे. काय सांडलं ते त्याला आठवत नाही म्हणे. न खरवडता कसं काढू?

स्क्रूड्रायव्हर

दोन्ही मुठी सारख्याच चिकट आहेत का? असतील तर काही सांडलेलं नाही, उगाच पोराला बोल लावू नका. पकड चांगली यावी म्हणून प्लॅस्टिकवर मऊ रबरी थर देतात, तो काही वर्षांत हवेतल्या ओलाव्याने आणि घामाने विघटित होऊन चिकट होतो. ओल्या कापडाने निघत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावून (कंट्रोलरवर ओतून नव्हे) थोडं थोडं पुसत गेलात तर अख्खा थरच निघून येईल आणि खाली साधं प्लॅस्टिक राहील. आधी बॅटरी काढा, आणि खालच्या बाजूला एका कोपऱ्यात करून बघा.

चुळबूळ

दोन्ही मुठी सारख्याच चिकट आहेत. भाच्याची माफी मागायला हवी.