रूळ टाकण्याआधी चर खणायचे की नाही?

साष्टीकर:
काल एका ग्रुपवर पोस्ट फिरत होती. "इंग्लंडात एचएस-२ या वेगवान रेल्वेसाठी हजारभर पुरातत्त्ववाले शेतं उकरत बसले, म्हणून रेल्वे रखडली. आपल्या बुलेट ट्रेनला असली नाटकं नाहीत हेच बरं." खाली अंगठ्यांची रांग. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

एचएस-२ रखडली पैशापायी आणि राजकारणापायी. मँचेस्टरची शाखा ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द झाली ती खर्च हाताबाहेर गेला म्हणून. जमिनीखाली जुनं काही आहे का हे पाहायला काम सुरू व्हायच्या आधी चाचणी चर खणतात, त्यांच्यावर खापर फोडणाऱ्याने तो चर कसा घालतात ते एकदा बघावं. साधारण ३० मीटर लांब, दोन मीटर रुंद. पोकलेनला बिनदाती बकेट लावतात आणि वरची शेतमाती पातळ पातळ थरांत खरवडतात. बाजूला पुरातत्त्वज्ञ उभा असतो. मातीचा रंग बदलला, कोळशाची काळी रेघ दिसली की तो हात वर करतो आणि यंत्र थांबतं. सगळी जमीन उकरत नाहीत, दोन ते पाच टक्केच बघतात. काही नसलं तर चर बुजवून पुढे. नॉर्थहॅम्प्टनशरमध्ये ब्लॅकग्राउंड्स नावाच्या शेतात दहा मीटर रुंद रोमन रस्ता निघाला, तीनशेहून जास्त नाणी निघाली, आणि हे सगळं रूळ पडायच्या आधी.

आपल्याकडे प्रकल्पाआधी तपासणी सक्तीची करणाऱ्या २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेत रेल्वे नाहीच. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा घोषित स्मारकांना जपतो, जमिनीखाली जे अजून कुणी पाहिलंच नाही त्याला वाली नाही. आणि ही गाडी जातेय कुठून? ठाणे, विरार, बोईसर. म्हणजे शूर्पारकाच्या, प्राचीन सोपारा बंदराच्या, दारातून. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याला बुरूड राजाचा कोट म्हणतात तो स्तूप उकरला, तेव्हा दगडी करंड्यात एकात एक ठेवलेले तांब्या-चांदी-सोन्याचे करंडे आणि भोवती आठ बुद्धमूर्ती निघाल्या. आजूबाजूच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जमिनीत, काय आहे, हे पाहायला किती जण गेले?

पाइलकॅप:
रेल्वेच्या पुलांवर आयुष्य गेलंय, म्हणून बोलतो. बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटरपैकी ४६० च्या वर मार्ग खांबांवर आहे. बीकेसीपासून शिळफाट्यापर्यंत तर बोगदाच. इंग्लंडात डोंगर कापून, भराव टाकून मार्ग केला, तिथे शेतात चर घालण्याला अर्थ आहे. इथे दोन खांबांच्या मधल्या भातशेतीत चर घालून काय सापडणार? आणि ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीचं नाव का नाही घेतलं? मेट्रोचं काम २००६ ला सुरू, गाडी धावली ३० नोव्हेंबर २०२४ ला. पुरातत्त्वाने शहर वेठीला धरलं. लोकलला लोंबकळणाऱ्याला सांगा अठरा वर्षं थांबायला.

साष्टीकर:
खांब हवेत उभे राहत नाहीत, पाइलकॅपसाठी, म्हणजे खांबाखालच्या काँक्रीटच्या ठोकळ्यासाठी, खड्डा खणावाच लागतो. आणि कास्टिंग यार्ड (पुलाचे काँक्रीटचे भाग ओततात ती जागा), डेपो, कामगारांची वसाहत, डंपरचे रस्ते? मुरूम टाकून, रोलर फिरवून एकरच्या एकर सपाट होतात ते कुठे मोजलेत? थेस्सालोनिकीत स्टेशनचा खड्डा खणताना बायझंटाइन रस्ता लागला, मग तो उचलायचा की जागीच ठेवायचा यावर वर्षानुवर्षं भांडण, त्यात देशाची तिजोरी रिकामी. आधी पाहिलं असतं तर स्टेशनचा आराखडा कागदावरच बदलला असता.

गुंफेशेजारी:
तुमचं चालू द्या, पण आमच्यासारख्यांचं कुणी ऐकणार आहे का? आमची चाळ एका संरक्षित लेण्याच्या शंभर मीटरात. स्मारकांच्या कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीने तिथे नवीन बांधकाम बंद. शेजारच्या गल्लीत टॉवर झाला, आम्ही अजून सार्वजनिक संडासाच्या रांगेत. उद्या रेल्वेच्या चरात चार खापरं निघाली की आणखी शंभर मीटर गेलेच.

खाडीवाला:
ताई, घराच्या दुरुस्तीला परवानगी मिळते. कायदा नीट वाचा.

गुंफेशेजारी:
वाचलाय. तुम्ही परवानगी काढून दाखवा! नकाशा द्या, फोटो द्या, जुना पुरावा द्या, मग साहेब रजेवर. पावसाळ्यात आईच्या खाटेवर प्लास्टिक धरून बसतो आम्ही. हेरिटेज-हेरिटेज करणारे रविवारी लेणी बघून घरी जातात, राहतो आम्ही.

चाळकरी:
शंभर टक्के सहमत. आमच्याकडे किल्ल्याच्या भिंतीला लागून तीच गत. बिल्डर फिरकत नाही आणि बँक कर्ज देत नाही.

खाडीवाला:
मग काय, लेण्यात पार्किंग करायचं? कुणीतरी राखलं म्हणून लेणी शिल्लक आहेत.

गुंफेशेजारी:
राखली आम्ही. दारू प्यायला येणाऱ्या टोळक्यांना हाकललं ते चाळीतल्या बायकांनी, तुम्ही नाही.

साष्टीकर:
खाडीवाला, आवरा. ताईंचा राग रास्त आहे. पण ताई, ही सरसकट शंभर मीटरची रेघ आली कुठून? खाली काय आहे हे कुणी तपासलेलं नाही, म्हणून आंधळी पट्टी मारली. २०१० च्याच दुरुस्तीत प्रत्येक स्मारकासाठी वेगळे उपविधी, म्हणजे त्या जागेपुरते नियम, करायचे म्हटलंय. तुमच्या गल्लीत चाचणी चर घातला आणि खाली नुसता कातळ निघाला, तर बांधकाम अडवायला कारण काय उरतं? चर तुमच्या बाजूचा साक्षीदार आहे.

गुंफेशेजारी:
कागदावर. चर घालायला माणूस येईल तेव्हा बोलू.

सोपाऱ्याचा:
मूळ विषयावर येतो. आमच्या नालासोपाऱ्यात वाडी विकली गेली, इमारतीचा पाया खणला. चार-पाच फुटांवर काळपट मातीचा थर, त्यात लाल खापरं, शंखांचे तुकडे, एक भाजलेल्या विटांची ओळ. माझ्या काकांनी ठेकेदाराला विनवलं, कुणाला तरी दाखवू. रात्रीत डंपर लागले, सगळं खाडीत. सकाळी सळया बांधायला सुरुवात. काम बंद पडेल ही त्यांची भीती, आणि ताईंचं ऐकल्यावर ती खोटी वाटत नाही. म्हणूनच म्हणतो, जमीन ठेकेदाराच्या ताब्यात जायच्या आधी तपासा.

पाइलकॅप:
ही गोष्ट पटली. साइटवर काही निघालं तर फोन करायचा की मिक्सर चालू ठेवायचा, हा निर्णय ज्याचा रोजचा दंड चालू आहे त्याच्यावर सोडू नये. कास्टिंग यार्ड आणि डेपोच्या जागी चर घाला, तेवढं मान्य. भूसंपादन चालू असताना घाला. तेव्हा मोजणीवाले आणि माती परीक्षणाचे बोअर येतातच. खांबांच्या रांगेत मात्र माझा विरोध कायम.

साष्टीकर:
पाइलकॅपच्या जागाही घ्या म्हणणारच मी. लाहोर-मुलतान रेल्वेच्या वेळी ठेकेदारांनी हडप्पाच्या विटा भरावाला वापरल्या, शंभर मैलांचा मार्ग त्यावर उभा राहिला. पुरातत्त्व सर्वेक्षणाचा प्रमुख कनिंगहॅम याने नंतर नोंद केली तेव्हा भिंती गेल्या होत्या.

पाइलकॅप:
ती एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. आज विटा कुणी नेत नाही.

सोपाऱ्याचा:
आज खाडीत टाकतात.

गुंफेशेजारी:
आमच्या स्मारकाचे उपविधी झालेत की नाही, हे कुठल्या कार्यालयात विचारायचं ते कुणी सांगेल का? माहितीच्या अधिकारात अर्ज मीच टाकते.